मापापुरती उभी केलेली बाई

मृणालच्या आप्तांनो, स्नेह्यांनो, आणि आज कामावरून रजा घेऊन हूफडॉर्पहून, ब्रेडाहून इथे डीमनला आलेल्या मंडळींनो,

मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे. माझ्या वयाच्या माणसाने सेहेचाळीस वर्षांच्या, लेकीच्या वयाच्या मुलीच्या शोकसभेत बोलावे, हा क्रमच उलटा आहे. माझ्यासाठी तिने बोलायचे होते, आणि ते तिने माझ्यापेक्षा पुष्कळ कमी शब्दांत केले असते. चाळीस वर्षे मी शाळेत संस्कृत शिकवले. लेकीकडे या डच मुलखात राहायला आल्यापासून तुमच्या घरोघरी पूजा सांगितल्या, श्राद्धे सांगितली. आयुष्यभर शब्दांवर जगलो. आज तेच शब्द अपुरे पडतात. मध्येच थांबलो तर थांबू द्या.

एक गोष्ट आधीच सांगतो. मी सांत्वन करायला उभा राहिलेलो नाही. मी रागावलेला आहे. शोकसभेत राग शोभत नाही, हे मला ठाऊक आहे. पण राग गिळून केलेली स्तुती ही गेलेल्या माणसाची फसवणूक असते, आणि मृणालला फसवणूक जिवंतपणीही खपत नव्हती.

ईशा, बाळ, तू दुसऱ्या रांगेत हेस्टरबाईंच्या कानाशी बसून माझे बोलणे डचमध्ये सांगते आहेस. या बाई तुझ्या आईच्या शेजारच्या टेबलावर नऊ वर्षे काम करत होत्या. त्यांना सगळे सांग. मऊ करून सांगू नकोस. तुझी आई मऊ करून सांगत नसे.

मंडळी, आपल्यापैकी बहुतेकांना मृणाल देवस्थळी कशी माहीत होती? गणपतीत पाचशे मोदकांची उकड काढणारी. नवीन आलेल्या मुलींना खेमेंटेत, नगरपालिकेच्या कचेरीत, घेऊन जाऊन नोंदणी करून देणारी. अभिजितची बायको. ती भूगर्भशास्त्राची एम.एस्सी. होती, हे किती जणांना ठाऊक होते? हात वर करा. नको, करू नका. मला मोजायचे नाही. ती 'डिपेंडंट' म्हणून आली, आणि तो व्हिसावरचा शब्द आपण तिच्या कपाळावर चिकटवून मोकळे झालो.

इथल्या एका जुन्या संग्रहात ती काचेवरची छायाचित्रे स्वच्छ करून त्यांच्या प्रती काढण्याचे काम करी. त्या काचा अमेरिकेतल्या नावाहो लोकांच्या मुलखातल्या. तिथे भूगर्भाची पाहणी करायला गेलेल्या पहिल्यावहिल्या मोहिमांपैकी एकीत इथला एक अभियंता होता. त्याने त्या काचा आणि आपली वही मायदेशी आणली. खेचरांवर लाकडी कॅमेरा, काचांच्या पेट्या, रसायनांच्या बाटल्या, अंधार करण्यासाठी काळा तंबू. काच ओली असेतो चित्र घ्यायचे आणि लगेच तंबूत शिरून धुवायचे. कष्ट होते, शंका नाही. विद्याही होती. मी विद्येचा शत्रू नाही.

पण मृणालने मला आणखी एक सांगितले. त्या मोहिमांच्या आधी थोडीच वर्षे सैन्याने त्याच लोकांना त्यांच्या मुलखातून हाकलून, शेकडो मैल चालवत, बंदिवासात नेले होते. वाटेत म्हातारे पडले, लेकुरवाळ्या पडल्या. उरले ते पुढे परत आले. आणि परत येऊन जेमतेम मेंढरे सांभाळू लागतात, तोच दारात ही खेचरे. नवी माणसे, नवे यंत्र, तेच गोरे चेहरे. त्यांना काय वाटले असेल? कोणी विचारले?

एकदा ती मला तिच्या कामाच्या जागी घेऊन गेली. खालून उजेड येणारे टेबल होते. त्यावर तिने हातमोजे घालून एक काच ठेवली. काचेवर सगळे उलटे असते. आकाश काळे, सावल्या पांढऱ्या. मी म्हणालो, "वा! काय भव्य कडा आहे!"

ती हसली. "पाहिलंत ना काका? तुम्हीही कडाच पाहिलात."

"मग काय पाहायचे होते?"

"खाली बघा. डावीकडे."

कड्याच्या पायथ्याशी एक बाई उभी होती. बोटाच्या पेरापेक्षा लहान. खांद्यावरून घोंगडी, हात शरीराला चिकटलेले.

मी विचारले, "ही कोण?"

"वहीत लिहिलंय. 'माप: एक स्त्री, सुमारे पाच फूट.'"

या शास्त्राची एक रीत आहे. खडकाचा फोटो काढताना त्याच्याशेजारी ठाऊक मापाची वस्तू ठेवतात, म्हणजे खडक केवढा ते कळते. हातोडा ठेवतात, नाणे ठेवतात. कडा मोठा असेल तर माणूस ठेवतात. मृणाल स्वतः बरोबर पाच फूट होती. कॉलेजच्या सहलीत सह्याद्रीतल्या प्रत्येक कातळापाशी तिचे सर ओरडायचे, "पाच फुटी, चल, उभी राहा!" ही उभी राहायची. मैत्रिणी चिडवायच्या, "मृणे, तुझ्या अंगावर रेघा मारून घे, म्हणजे इंचही मोजता येतील." दोन वर्षांत हिचे साठ-सत्तर फोटो निघाले आणि एकाही फोटोखाली हिचे नाव नाही. हे सगळे ती हसत हसत सांगत होती. मग म्हणाली, "पण काका, मला निदान 'चल' म्हणायचे. आणि संध्याकाळी आम्ही सगळे एकत्र भजी खायचो. हिला कोणी काय म्हटलं असेल?"

तिने दुसरी काच ठेवली. तोच कडा, तीच बाई, सावली पुढे सरकलेली. मग तिसरी. तिसऱ्या काचेत त्या बाईने पाठ फिरवली होती आणि घोंगडी डोक्यावरून घेतली होती.

त्या काचेपुढे वहीत एकच शब्द होता: 'बिघडली.'

मृणाल म्हणाली, "काच बिघडलेली नाही, काका. काच उत्तम आहे. तिने नकार दिलाय. त्याला नकार वाचताच आला नाही, एवढंच."

मंडळी, मी जन्मभर टीकांवरच्या टीका वाचल्या. एका शब्दाचे एवढे नेमके भाष्य मी ऐकलेले नाही.

त्या दिवसापासून मृणालने शोध घेतला. दोन वर्षे. रविवारी, सुट्टीत, ईशाच्या पोहण्याच्या तासाला बाकावर बसून. त्या मुलखातल्या वस्त्यांना पत्रे लिहिली, ईमेल केले. बरीच अनुत्तरित राहिली. त्यांनी तरी का उत्तर द्यावे? परंतु शेवटी एका घरातून आले. त्या घरच्या एका वृद्ध बाईंनी तो कडा ओळखला. कारण त्यांच्या घरात ती गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जात होती: काचा घेऊन माणसे आली, आमच्या आजीच्या आजीला उन्हात उभी केली, एकदा केली, दोनदा केली, तिसऱ्यांदा तिने पाठ फिरवली. जी काच इथल्या वहीत बिघडलेली होती, ती त्या घरात चार-पाच पिढ्या अभिमानाने जपलेली होती. काच न पाहता!

आणि आता माझी एक चूक सांगतो. सर्वपित्री अमावास्या आली. मी मृणालला म्हणालो, "तुला आता त्या बाईचे नाव कळले असेल. दे. मी तिलाही पाणी देतो." माझ्या मते मी मोठे औदार्य दाखवत होतो.

ती म्हणाली, "नाव नाही सांगायचं, काका. त्या घरी गेलेल्या माणसाचं नाव असं चारचौघांत घेत नाहीत. त्यांनी मला सांगितलंही नाही, आणि मी विचारलंही नाही."

मी चिडलो. म्हटले, "नाव नाही, गोत्र नाही, मग पाणी कोणाला सोडू? हवेला?"

तिने आवाज चढवला नाही. म्हणाली, "तर्पणाच्या शेवटी ओलं वस्त्र पिळून पाणी सोडता, ते कोणाला? तुम्हीच सांगितलं होतंत, ज्यांचं नाव-गोत्र सांगायला कोणी उरलं नाही, त्यांना. आणि काका, हिचं घर तर भरलेलं आहे. तिचं नाव जपणारे आहेत. त्यांना आपलं पाणी हवंय का, हे तरी विचारलंय का कोणी?"

नामरूप या एका शब्दावर मी तासतास प्रवचने केली आहेत. नाव आणि रूप ही माणसाची स्वतःची ठेव असते, दुसऱ्याने उचलून न्यायची वस्तू नव्हे, हे मला एका उकड काढणाऱ्या मुलीने शिकवले.

संग्रह त्या काचांचे प्रदर्शन भरवणार होता, त्याबद्दल त्या घरचे म्हणणे असे होते. पहिल्या दोन काचा लोकांना दाखवू नयेत. तिसरी दाखवावी. नाव लिहू नये. मृणालने चित्राखालचा मजकूर तयार केला आणि व्हिडिओ कॉलवर त्या वृद्ध बाईंना वाचून दाखवला. मजकूर असा: 'एक स्त्री. तिचे नाव तिच्या घरच्यांना ठाऊक आहे. तिला हे चित्र नको होते, आणि तिने तसे सांगितले.' त्यांनी तो पुन्हा एकदा वाचायला लावला. मग म्हणाल्या, असेच लिही. आणि मृणालने शब्द दिला की असेच लिहीन.

पुढच्या महिन्यात तिच्या आजाराचे निदान झाले. त्यानंतर अकरा आठवडे.

आता माझ्या रागाचे कारण. गेल्या शुक्रवारी अभिजितला त्या संग्रहाच्या संचालकांचे पत्र आले. फार सुंदर पत्र आहे. मृणालच्या निष्ठेची स्तुती आहे. प्रदर्शन ठरल्याप्रमाणे उघडेल, तिच्या स्मृतीस अर्पण केले जाईल, प्रवेशद्वारापाशी तिचे मोठे छायाचित्र लागेल. सोबत अभिजितच्या सहीसाठी संमतिपत्र आहे. आणि त्याच पत्रात, चौथ्या परिच्छेदात: मुख्य चित्र म्हणून पहिली काच. भिंतभर. स्टेशनांवर तिचीच भित्तिपत्रके. खाली मजकूर: 'कड्याच्या पायथ्याशी मापासाठी उभी असलेली स्थानिक स्त्री.'

का? तर त्या घराशी झालेले बोलणे वैयक्तिक स्वरूपाचे होते. फाइलमध्ये सही केलेला कागद नाही.

कागद नाही! अहो, आपण संकल्प सोडतो तेव्हा हातात कोणता कागद असतो? पळीभर पाणी असते. ते हातातून खाली पडले की माणूस बांधला गेला. मृणालने शब्द दिला. जिने शब्द दिला ती राखेत गेली, म्हणून शब्दही राखेत गेला? आणि वर तो मोडायचा तिच्या नावाने! जिने दार लावून घेतले, तिच्याच तसबिरीखालून ते दार फोडायचे आणि त्याला म्हणायचे स्मृतीस अर्पण! ईशा, हे वाक्य गाळू नकोस. हेस्टरबाई मान हलवत आहेत. त्यांनी आत भांडून पाहिले आहे, मला ठाऊक आहे. त्यांच्यावर माझा राग नाही.

आपल्यातलेच एक गृहस्थ काल मला म्हणाले, "काका, अमेरिकेतले आदिवासी, डच लोकांचं म्युझियम. आपण मध्ये कुठे येतो? आपण इथे पाहुणे."

मी त्यांना म्हणालो, मध्ये मृणाल येते.

आणि आपण स्वतःला फार निर्मळ समजू नये. मंडळाच्या ग्रुपवर निधनाची सूचना गेली ती आठवते? 'श्री. अभिजित देवस्थळी यांच्या सुविद्य पत्नीचे अल्पशा आजाराने दुःखद निधन.' सुविद्य पत्नी! नाव कुठे आहे? सभेची वेळ आहे, सभागृहाचा पत्ता आहे, ट्रामचा थांबासुद्धा आहे. गेली कोण, तेवढे नाही. ईशाने ती वाचली आणि मला फोनवर इंग्रजीत विचारले, आजोबा, यात आई कुठे आहे?

ती सूचना मी लिहिली होती. या हाताने. तशीच लिहायची पद्धत आहे म्हणून. नवऱ्याचे नाव घातले, सुविद्य घातले, आणि मला काही कमी पडल्यासारखे वाटलेच नाही. त्या अभियंत्याच्या वहीला मी नावे ठेवतो, तेव्हा माझी सूचना त्याच वहीचे पुढचे पान आहे. ईशा, आज सर्वांसमक्ष तुझी क्षमा मागतो.

कोणी म्हणेल, त्या घरालाही नाव नकोच होते. मग फरक काय? फरक आहे. घरच्यांनी नाव झाकून ठेवणे वेगळे. परक्याने नाव न विचारणे वेगळे. पहिल्यात माणूस राखलेला असतो. दुसऱ्यात तो हातोड्याच्या जागी उभा केलेला असतो.

आता अभिजित, तुझ्याशी बोलतो. चारचौघांत बोलतो, कारण एकट्यात मी काल बोललो आणि दोघेही रडून मोकळे झालो. तू म्हणालास, "सही करून टाकतो, काका. भांडायची ताकद नाही. निदान तिचं नाव तरी भिंतीवर राहील." बाळ, तुझे म्हणणे खोटे नाही. सोळा वर्षे ती या देशात कोणाची तरी कोणीतरी होती. तिचे नाव मोठ्या अक्षरांत लागावे, असे नवऱ्याला वाटले तर त्यात काय चुकले? मलाही वाटते. ती भिंत डोळ्यांसमोर आली की मलाही मोह होतो.

पण हेस्टरबाईंनी स्पष्ट सांगितले आहे. तिचे काम कंत्राटी होते, म्हणून तुझी सही नसेल तर मृणालने केलेल्या प्रती आणि प्रदर्शनासाठी तिने लिहिलेला बाकीचा मजकूर त्यांना वापरता येणार नाही, आणि त्यावाचून उद्घाटन होणार नाही. मग त्यांना त्या घराशी बोलावेच लागेल. म्हणजे तिने दिलेला शब्द आज तुझ्या एका सहीवर टांगलेला आहे. मी तुला आज्ञा करणार नाही. शास्त्राचा आधार काढून तुला कोंडीत पकडणार नाही; मला ते येते, पण आज करणार नाही. एवढेच विचारतो: ती असती तर त्या भिंतीपुढे उभी राहिली असती का? की पाठ...

काय? उभा का राहिलास? बस, दमला आहेस. बोलायचे आहे? बोल. मोठ्याने बोल, मागे ऐकू जाऊ दे.

ऐकलेत? मागे पोहोचले नसेल तर मी सांगतो. तो म्हणाला, "त्या व्हिडिओ कॉलनंतर ती स्वयंपाकघरात येऊन रडली होती. मला वाटलं, कामाचा ताण असेल. मी विचारलं नाही, काका. मी सही करत नाही."

ईशा, हेस्टरबाई काय म्हणतात? बरे. सोमवारी सकाळी त्या स्वतः संचालकांना जाऊन सांगतील. आणि त्या वृद्ध बाईंना पत्र? ते तू लिहिणार. इंग्रजीत लिहितेस तर इंग्रजीत लिही. आईने जसे लिहिले तसे लिही, थोडके.

मंडळी, माझे बोलणे संपत आले. आता आपण मौन पाळू. त्याआधी एक. त्या खांबापाशी तिपाईवर मोबाइल लावलेला आहे. पुण्याच्या नातेवाइकांना सभा दिसावी म्हणून लावला, हेतू चांगलाच आहे. पण गेला तासभर त्याचा रोख ईशाकडे आहे. ईशा, तुला हे चालते आहे का? खरे सांग.

नाही म्हणते.

बंद करा. पुण्याच्या मंडळींनो, राग मानू नका. तुम्ही तिथे उभे राहा, आम्ही इथे राहतो.

मृणाल, मुली, तुझ्या शिष्याचा नमस्कार घे.

आता सर्वांनी उभे राहावे. दोन मिनिटे, पाच मिनिटे, असे मी काही सांगणार नाही. ईशा खाली बसेल तेव्हा आपण बसू.